परत येऊन सांगणारे

तिघांचं विमान होतं, तिघेही मेले आणि पदकं आली दोन.

१२ मे १९४०. जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसून दोन दिवस झाले होते. अल्बर्ट कालव्यावरचे पूल त्यांनी शाबूत ताब्यात घेतले होते आणि त्यांवरून त्यांचं सैन्य पुढे सरकत होतं. ब्रिटिश हवाई दलाच्या १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनवर ते पूल उडवायची कामगिरी आली. जायला कोण तयार आहे, असं विचारल्यावर सगळ्या स्क्वाड्रननं तयारी दाखवली. त्यांच्याकडची ‘फेअरी बॅटल’ विमानं तेव्हाच जुनाट ठरली होती. एका इंजिनाचं संथ विमान, आत तीन माणसं आणि संरक्षण अगदीच तुटपुंजं. वेल्डवेझेल्टच्या पुलावर झेपावलेल्या एका विमानात डोनाल्ड गार्लंड वैमानिक होता, टॉमस ग्रे निरीक्षक होता आणि मागच्या मशीनगनवर लॉरेन्स रेनल्ड्स नावाचा वीस वर्षांचा मुलगा होता. पुलाभोवती विमानवेधी तोफांचा नुसता गराडा होता. तिघं अगदी खाली उतरून त्या माऱ्यात शिरले आणि तिथेच संपले.

गार्लंड आणि ग्रे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला मिळालेले ते पहिले व्हिक्टोरिया क्रॉस. रेनल्ड्सला काहीच मिळालं नाही. त्याचं कारण असं सांगतात, की हल्ल्याचे निर्णय घेणाऱ्यांत तो नव्हता. तो मागे बसून होता. बेल्जियममधल्या हेव्हर्लीच्या युद्ध दफनभूमीत आज तिघेही आहेत.

रेनल्ड्सची हकीगत कळल्यापासून पदकांविषयी मी वेगळ्या तऱ्हेनं वाचू लागलो. आधी मी पराक्रम वाचायचो. आता पहिल्यांदा शोधतो ते हे, की ही गोष्ट सांगितली कोणी? आकाशात काळोखात चार-सहा हजार मीटरवर घडलेली गोष्ट खाली कचेरीत टंकलिखित होऊन पोहोचली, तर ती कोणाच्या तोंडून पोहोचली? पायदळातल्या शिपायाचा पराक्रम शेजारच्या खंदकातून दिसतो. बॉम्बफेकी विमानातल्या माणसाचं धैर्य पाहायला त्याच्या विमानातली पाच-सहा माणसं सोडली तर कोणी नसतं, आणि बहुतेक वेळा ती पाच-सहा माणसंही त्याच्याबरोबरच जातात.

त्यात नियम असे होते, की मेलेल्याच्या वाट्याला फार थोडं यावं. त्या काळी ब्रिटिशांकडे शत्रूसमोरच्या शौर्याबद्दल मरणोत्तर दोनच गोष्टी देता येत: व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर युद्धाच्या अहवालात नावाचा उल्लेख. अगदी वरचं किंवा अगदी खालचं. मधलं एकही शौर्यपदक मेलेल्या माणसाला मिळत नसे. १९७९ पर्यंत हे असंच चाललं. म्हणजे एखाद्या बंदूकधाऱ्यानं जळत्या विमानात सोबत्याला वाचवलं आणि तो स्वतः जगला, तर त्याच्या छातीवर पदक लागे. तेच करताना तो मेला आणि त्याचं कृत्य व्हिक्टोरिया क्रॉसच्या तोडीचं ठरलं नाही, तर त्याच्या आईला फार तर अहवालातल्या उल्लेखाचा कागद मिळे.

जिवंत माणसांतही हुद्द्याची भिंत होतीच. अधिकाऱ्याला ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’, सार्जंट आणि त्याच्या आसपासच्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल’. दोन्हींच्या रिबिनी जांभळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांच्या. क्रॉसच्या पट्ट्या रुंद, मेडलच्या बारीक. सात जणांच्या विमानात कप्तान सार्जंट आणि नॅव्हिगेटर अधिकारी, असंही असे. सातही जण एकाच गोळीबारातून गेलेले, एकाच थंडीत गोठलेले. पण परतल्यावर एकाच्या छातीवर रुंद पट्टे आणि दुसऱ्याच्या छातीवर बारीक. दुसऱ्या महायुद्धात वीस हजारांहून अधिक क्रॉस दिले गेले आणि मेडलं साधारण साडेसहा हजार. विमानांतून बहुसंख्येनं सार्जंट उडत होते हे लक्षात घेतलं तर हे आकडे सरळ अन्यायाचे आहेत. हा भेद १९९३ साली मिटवला गेला. तोवर त्या मेडलवाल्यांपैकी कितीतरी जण गेलेही होते.

या सगळ्यांत नॉर्मन जॅक्सन मला फार जवळचा वाटतो. लंडनच्या ईलिंग भागात १९१९ साली जन्मलेला, तान्हेपणीच दत्तक गेलेला मुलगा. शिकला तो फिटर-टर्नरचं काम, आपल्याकडे आयटीआयमध्ये शिकवतात तेच. युद्ध सुरू झाल्यावर हवाई दलात इंजिन फिटर म्हणून लागला आणि पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला सागरी विमानांच्या इंजिनांवर काम करत राहिला. तिथे राहून युद्ध काढता आलं असतं. त्यानं फ्लाइट इंजिनिअर होण्यासाठी अर्ज केला, शिक्षण घेतलं आणि १०६ स्क्वाड्रनमध्ये लँकास्टर विमानावर रुजू झाला.

लँकास्टरमध्ये सात माणसं असत. वैमानिक, त्याच्या शेजारी घडीच्या आसनावर फ्लाइट इंजिनिअर, पुढे नाकात बॉम्ब टाकणारा, मागे पडद्याआड दिव्याच्या उजेडात नकाशावर वाकलेला नॅव्हिगेटर, मग वायरलेसवाला, पाठीवरच्या घुमटात एक बंदूकधारी आणि पार शेपटीत दुसरा. शेपटीतला माणूस आठ-आठ तास एकटा. बाहेर नीट दिसावं म्हणून काही जण समोरची पारदर्शक तावदानं काढून टाकत आणि उणे तापमानाचा वारा तोंडावर घेत बसत. ही माणसं एकत्र येण्याची रीतही मोठी विलक्षण होती. प्रशिक्षण केंद्रावर वैमानिक, नॅव्हिगेटर, बंदूकधारी अशा सगळ्यांना एका मोठ्या हँगरमध्ये सोडून देत आणि सांगत, तुमचे तुम्हीच गट जमवा. कोणाचा चेहरा बरा वाटला, कोणाचं बोलणं आवडलं, एवढ्यावर माणसं आपला जीव कोणाच्या हाती द्यायचा ते ठरवत. फ्लाइट इंजिनिअर बहुधा नंतर येऊन मिळे. पण एकदा मिळाला, की ती सात जणं एकत्र जेवत, एकत्र सुट्टीला जात आणि बहुतेकदा एकत्र मरत.

तीस मोहिमा झाल्या, की एक पाळी पूर्ण होई आणि माणसाला काही काळ सुटका मिळे. जॅक्सन मध्ये एकदा दुसऱ्या विमानातून जाऊन आलेला होता, त्यामुळे त्याच्या तीस मोहिमा सोबत्यांच्या आधी पुऱ्या झाल्या. २६ एप्रिल १९४४ ला त्याला घरी जायची मोकळीक होती. त्याच दिवशी पहिला मुलगा झाल्याची खबर आली होती. पण बाकीच्या सहा जणांची शेवटची खेप उरली होती. तो त्यांच्याबरोबर गेला. एकतिसावी मोहीम, मागून घेतलेली.

लक्ष्य होतं श्वाइनफुर्ट, बॉलबेअरिंगच्या कारखान्यांचं गाव. बॉम्ब टाकून विमान परत फिरत होतं, तेवढ्यात जर्मन लढाऊ विमानानं गाठलं. जॅक्सनच्या पायात आणि खांद्यात गोळ्यांचे तुकडे घुसले. उजव्या पंखावर, पेट्रोलच्या टाकीजवळ आग लागली. जॅक्सननं कप्तानाला म्हटलं, मी बघतो. आग विझवायचं नळकांडं त्यानं जॅकेटात छातीशी खोचलं, पॅराशूट बांधलं, वैमानिकाच्या डोक्यावरची झडप उडवून दिली आणि तो विमानाच्या पाठीवर चढू लागला. विमान साधारण सहा हजार मीटरवर होतं. वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटर.

अजून तो पुरता बाहेरही निघाला नव्हता, तोच पॅराशूट उघडलं. कापडाचा आणि दोऱ्यांचा ढीग वैमानिकाच्या खोलीत भसाभस पडला. अशा वेळी माणूस आत परत आला असता तर कोणी काही बोललं नसतं. तो पुढेच गेला. वैमानिक फ्रेड मिफ्लिन, बॉम्ब टाकणारा आणि नॅव्हिगेटर अशा तिघांनी मिळून ते कापड गोळा केलं, दोऱ्या हातात धरल्या आणि तो जसजसा सरकत जाईल तसतशा सोडत राहिले.

मला हा प्रसंग आठवतो तेव्हा पंखावरच्या माणसाइतकेच आतले हे हात दिसतात. जळणारं विमान हाकणारा माणूस हाकता हाकता सोबत्याच्या पॅराशूटचं कापड सावरतो आहे. नॅव्हिगेटरनं नकाशे टाकून दिलेत. दोरी ताणली तर बाहेरचा माणूस ओढला जाईल, ढिली सोडली तर वारा कापड हिसकावून घेईल. त्यांना बाहेरचं धड दिसतही नसणार. प्रशस्तिपत्रात या हातांबद्दल एखादं वाक्य आहे. पदक बाहेरच्या माणसाला मिळालं आणि ते योग्यच झालं. पण त्या रात्री त्या विमानात एकाच माणसानं धैर्य दाखवलं असं मला कोणी सांगितलं, तर ते मी मान्य करणार नाही.

जॅक्सन विमानाच्या पाठीवरून घसरून पंखावर पडला. पंखाच्या पुढच्या कडेला हवा आत घेणारं तोंड असतं, ते त्यानं घट्ट पकडलं. नळकांडं हातातून निसटून गेलं. आग भडकली आणि त्याचा चेहरा, हात, कपडे होरपळून निघाले. पकड सुटली, तो ज्वाळांमधून फेकला जाऊन पंखाच्या मागच्या कडेवरून खाली गेला आणि पॅराशूट त्याच्यामागे ओढलं गेलं. आतल्यांना शेवटचं दिसलं ते अर्धवट फुललेलं, जागोजागी पेटलेलं पॅराशूट. तो मेला, असंच त्यांनी धरलं.

मग कप्तानानं विमान सोडायचा हुकूम दिला. चौघं उतरले आणि कैदी झाले. मिफ्लिन आणि शेपटीतला बंदूकधारी विमानाबरोबर गेले.

जॅक्सन मात्र जगला होता. भोकं पडलेल्या पॅराशूटनं तो जोरात आपटला, घोटा मोडला. उजवा डोळा भाजून मिटला होता आणि हातांत काही धरता येत नव्हतं. उजाडल्यावर तो रांगत जवळच्या गावापर्यंत गेला आणि पकडला गेला. दहा महिने रुग्णालयात होता. हात पुढे जन्मभर पहिल्यासारखे झाले नाहीत. कैदेतून एकदा पळायचा प्रयत्न फसला, दुसऱ्यांदा निसटला आणि अमेरिकन सैन्याला जाऊन मिळाला.

हे सारं घडून वर्ष उलटलं तरी इंग्लंडमध्ये कोणाला याचा पत्ता नव्हता. ही गोष्ट उजेडात आली ती युद्ध संपल्यावर, विमानातले वाचलेले सोबती छावण्यांतून सुटून परतले आणि त्यांनी सांगितलं तेव्हा. २६ ऑक्टोबर १९४५ ला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ते चौघं छावणीत दगावले असते, तर नॉर्मन जॅक्सन हा भाजल्या हातांचा एक सुटलेला कैदी एवढाच उरला असता.

त्या रात्री श्वाइनफुर्टच्या मोहिमेत २१ लँकास्टर परत आल्या नाहीत. म्हणजे जवळपास दीडशे माणसं. बॉम्ब बरेचसे लक्ष्याबाहेर पडले होते. मोहीम फसलीच होती. जॅक्सनच्या विमानात काय घडलं ते आपल्याला कळलं. उरलेल्या वीस विमानांत कोण कोणासाठी आगीत शिरलं? कोणी कोणाचं अडकलेलं दार तोडायला धडपडला? कोणी विमान सरळ धरून ठेवलं म्हणून दुसऱ्याला उडी मारता आली? ज्या विमानातून एकही माणूस वाचला नाही, तिथली ही उत्तरं विमानाबरोबर जळून गेली.

अँड्र्यू मिनार्स्कीची हकीगत याच कारणानं अंगावर काटा आणते. विनिपेगला पोलिश स्थलांतरितांच्या घरात जन्मलेला हा कॅनडाचा मुलगा लँकास्टरच्या पाठीवरचा बंदूकधारी होता. जून १९४४ मध्ये, बारा-तेरा तारखेच्या रात्री, फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर जाताना विमान पेटलं. हुकूम झाला, उड्या मारा. मिनार्स्की दारापर्यंत आला आणि त्याला दिसलं, की शेपटीतला पॅट ब्रॉफी आपल्या घुमटात अडकला आहे. घुमट फिरत नव्हता आणि हातानं फिरवायची कळही तुटली होती. मिनार्स्की दार सोडून आगीतून रांगत मागे गेला. कुऱ्हाडीनं घाव घातले, नुसत्या हातांनी ओढून पाहिलं. त्याचे कपडे आणि पॅराशूट पेटले होते. ब्रॉफीनं आतून खुणेनं सांगितलं, जा, माझं काही होणार नाही. मिनार्स्की मागे मागे सरकला, ब्रॉफीकडे तोंड करून. दाराशी पोहोचल्यावर, अंगाला आग लागलेली असताना, तो ताठ उभा राहिला, त्यानं सलाम केला आणि मग उडी मारली. खाली लोकांना तो सापडला, पण भाजल्यामुळे लवकरच गेला.

विमान अडकलेल्या ब्रॉफीसकट शेतात कोसळलं. घुमट फुटून ब्रॉफी बाहेर फेकला गेला आणि जिवंत राहिला. बॉम्बनं भरलेलं विमान पडूनही तो माणूस जगला, म्हणून आपल्याला तो सलाम माहीत आहे. आगीतल्या त्या काही क्षणांचा दुसरा साक्षीदार नव्हता. ब्रॉफीनं सांगितलं आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रॉफी मेला असता, जसा तो शंभरात नव्याण्णव वेळा मेला असता, तर मिनार्स्की हा त्या रात्री मेलेल्यांच्या यादीतलं एक नाव झाला असता.

ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसं उडाली. त्यांतली ५५,५७३ मेली. लंडनजवळ रनीमीडला एक स्मारक आहे, तिथे ज्यांचा देहही सापडला नाही अशा हवाई दलातल्या वीस हजारांहून अधिक माणसांची नावं दगडावर कोरली आहेत. तिथलं प्रत्येक नाव म्हणजे न सांगितली गेलेली एक रात्र आहे, असं मी मानतो.

आणि जे जगले, पण ज्यांचं मन मोडलं, त्यांच्यासाठी वेगळीच शिक्षा होती. वीस-वीस मोहिमा करून आलेला मुलगा एके दिवशी म्हणे, की आता माझ्यानं विमानात चढवत नाही. त्याच्या कागदांवर ‘लॅक ऑफ मॉरल फायबर’ असा शिक्का बसू शकत असे. छातीवरचं पंखाचं चिन्ह काढून घेत, हुद्दा उतरवत, सोबत्यांपासून लांब पाठवून देत. ज्या व्यवस्थेनं पदकं वाटली, तिनंच हे शिक्के मारले. पदकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा शिक्का त्याच पुस्तकात लिहायला हवा, कारण विसाव्या मोहिमेनंतर थांबलेला मुलगा भित्रा होता असं म्हणण्याचा अधिकार जमिनीवर बसलेल्या कोणालाही नव्हता.

पदकानं पुढचं आयुष्य सुधारलं, असंही नाही. जॉन हॅना हा स्कॉटिश मुलगा सप्टेंबर १९४० मध्ये अठरा वर्षांचा होता. अँटवर्पवरून परतताना पेटलेल्या ‘हॅम्पडन’ विमानात काडतुसं फुटत असताना त्यानं आग विझवली. नळकांडी संपल्यावर मोहिमेच्या वहीनं आणि मग उघड्या हातांनी. विमान आणि वैमानिक परत आले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण शरीर खचलं, क्षयानं धरलं आणि हवाई दलातून मुक्त केलं गेलं. टॅक्सी चालवून पाहिलं, तेही झेपेना. १९४७ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, बायको आणि तीन मुली मागे ठेवून तो गेला. जॅक्सननं तर पुढे व्हिस्कीच्या कंपनीत फिरता विक्रेता म्हणून नोकरी केली, सात मुलं वाढवली आणि १९९४ मध्ये देह ठेवला. दहा वर्षांनी त्याची पदकं लिलावात २,३५,२५० पौंडांना गेली. ज्या हातांनी ती कमावली, त्यांना आयुष्यभर शर्टाची बटणं लावतानाही त्रास होत असेल, या विचारानं मला तो आकडा वाचवत नाही.

हे सगळं लिहिताना एक प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. ही विमानं बॉम्ब टाकायला जात होती आणि बॉम्ब माणसांवर पडत होते. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गला आगीच्या वादळात चाळीस हजारांच्या आसपास माणसं मेली. बायका, मुलं, म्हातारी माणसं. ड्रेस्डेन शहरावरच्या बॉम्बफेकीनंतर तर ब्रिटिश सरकारलाही या मोहिमांची आठवण नकोशी झाली. युद्ध संपल्यावर बॉम्बर कमांडला स्वतःचं वेगळं मोहीमपदक मिळालंच नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये स्मारक उभं राहायला २०१२ उजाडलं आणि रिबिनीवर लावायची एक छोटी पट्टी २०१३ साली मिळाली. तोवर बहुतेक जण हयात नव्हते. त्या स्मारकाचं छत एका ‘हॅलिफॅक्स’ विमानाच्या ॲल्युमिनियमचं आहे, मे १९४४ मध्ये बेल्जियमवर पडलेल्या. आत सात ब्राँझचे पुतळे आहेत. आणि त्याच स्मारकात त्या बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या माणसांचंही स्मरण कोरलं आहे. ते कोरायलाच हवं होतं. शहरं जाळण्याचं मी समर्थन करत नाही, करणारही नाही. पण मिनार्स्की आगीतून मागे गेला तो शहर जाळायला नव्हे. जॅक्सन पंखावर चढला तो सहा माणसं वाचवायला. त्या कृत्यांना मी सलाम करतो आणि हॅम्बुर्गच्या मुलांबद्दलचं दुःखही त्याच मनात ठेवतो. दोन्हीपैकी एक टाकून द्या, असं मला कोणी सांगू नये.

या दोन्ही गोष्टी ज्याच्या एकट्याच्या आयुष्यात आल्या, असा एक माणूस पदक घेताना जॅक्सनच्या शेजारीच उभा होता. १३ नोव्हेंबर १९४५ ला बकिंगहॅम राजवाड्यात पदकं द्यायचा समारंभ होता. जॅक्सनबरोबर ग्रुप कॅप्टन लेनर्ड चेशायर होता. शंभर मोहिमा केलेला, हवाई दलातल्या सर्वांत गाजलेल्या बॉम्बर वैमानिकांपैकी एक. हुद्द्यानं चेशायरचा नंबर आधी. चेशायरनं राजाला सांगितलं, की या माणसानं माझ्यापेक्षा मोठा धोका पत्करला, याला आधी द्या. राजाला शिष्टाचार मोडता आला नाही. पण चेशायरनं म्हटलं ते खरं होतं आणि ते त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं.

त्याच वर्षी ९ ऑगस्टला हाच चेशायर ब्रिटिश निरीक्षक म्हणून विमानातून नागासाकीचा स्फोट पाहून आला होता. हवाई दल सोडल्यावर त्यानं एका मरणासन्न माणसाला आपल्या घरी आणलं आणि स्वतः त्याची शुश्रूषा केली. त्यातून अपंग आणि असाध्य रुग्णांसाठी चेशायर होम उभी राहिली. इंग्लंडबाहेरचं पहिलं कुठे निघालं असेल? मुंबईत, अंधेरीला, महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर, १९५६ मध्ये. १९५९ साली त्याचं स्यू रायडरशी लग्न झालं तेही मुंबईतल्याच कॅथेड्रलमध्ये. अंधेरीच्या त्या रस्त्यावरून रोज हजारो माणसं जातात. ‘चेशायर’ या नावामागे जर्मनीवरच्या शंभर रात्री आणि नागासाकीची एक सकाळ आहे, हे त्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

व्हिक्टोरिया क्रॉस आपल्याही मातीत आला आहे. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतले बाकीचे सगळे पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच पडले. इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे, माणगावात पुतळा आहे. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन सुरुंगांच्या पट्ट्यातून आणलं, मग शत्रूची ठाणी मोडली. हे दोघं आपल्याला ठाऊक आहेत. पण मराठा पलटणींतून त्याच इटलीत, त्याआधी मेसोपोटेमियात, हजारो गेले. त्यांतल्या किती जणांचा रेनल्ड्स झाला असेल?

पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा एका पथारीवर पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक माझ्या हाती आलं. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा स्वार, रिबीन कधीच गेलेली. कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा आणि पलटणीचं नाव, ११४ मराठा. नाव मधोमध इतकं झिजलेलं, की अर्धंच लागत होतं. पथारीवाल्यानं चांदीच्या वजनावर भाव सांगितला. या पदकांचं बहुतेक वेळा असंच होतं. कितीतरी तर सोनाराच्या मुशीत गेली. कोणत्या वाळवंटात, कोणत्या नदीवर, कोणाच्या शेजारी उभं राहून ते मिळालं, हे त्या कडेवर कधीच लिहिलेलं नसतं. ते घरातल्या कोणाला तरी माहीत असतं आणि त्याच्याबरोबर जातं.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. तुमच्या घरात, आजोळी, गावच्या जुन्या ट्रंकेत असं एखादं पदक, डिस्चार्जचा कागद, पलटणीचा बिल्ला असेल तर तो बाहेर काढा. मोडीत देऊ नका. कडेवरची अक्षरं भिंगाखाली वाचून कागदावर उतरवा. घरात ऐंशी-नव्वदीतलं कोणी असेल, ज्यानं आजोबांच्या किंवा पणजोबांच्या तोंडून काही ऐकलं असेल, तर त्यांच्यापाशी या दिवाळीत नव्हे, याच आठवड्यात जाऊन बसा. ठिकाण विचारा, साल विचारा, परत कसे आले ते विचारा. आणि पराक्रम विचारायच्या आधी हे विचारा, की सोबत कोण कोण होतं, कोण परत आलं नाही. ती नावं लिहून ठेवा. पदक कधी मिळालंच नसेल, तरीही विचारा.